सीव्हीटी बिघडेल या भीतीने चालती गाडी विकावी का?

वाचकाचं पत्र, थोडक्यात

पत्रलेखिकेकडे सात वर्षांची सीव्हीटी ऑटोमॅटिक गाडी आहे, म्हणजे ठरावीक गिअरांऐवजी गिअरचं प्रमाण सलग बदलत राहणारी. चार वर्षांपूर्वी ती त्यांनी पहिल्या मालकाकडून घेतली. आता ९० हजार किलोमीटर उलटले आहेत. डाव्या गुडघ्याच्या शस्त्रक्रियेनंतर त्यांना क्लच दाबणं जमत नाही, त्यामुळे ऑटोमॅटिकला पर्याय नाही. गेल्या दोन-तीन महिन्यांपासून थांबून पुन्हा निघताना, ताशी २० ते ३० किलोमीटरच्या वेगात, गाडी हलकीशी थरथरते. एकदा लांबलचक चढावर इंजिनाची ताकदच गेल्यासारखी झाली. बाजूला थांबून थोड्या वेळाने निघाल्यावर सगळं पूर्ववत झालं. डॅशबोर्डवर दिवा लागला नाही. ओळखीचा मेकॅनिक म्हणतो, "सीव्हीटी म्हणजे टाइमबॉम्ब. लाखाच्या आत काढून टाका." मोठा भाऊ म्हणतो, घेणाऱ्याकडे थरथरीचा विषय काढू नकोस. सर्व्हिस सेंटर म्हणतं, गिअरबॉक्सचं ऑइल आयुष्यभराचं असतं, ते बदलायची गरज नाही. नव्या गाडीचा विक्रेता सांगतो, आताच्या सीव्हीटीत तसला त्रास राहिलेला नाही. आणि हायब्रिडचं नाव काढलं तर भाऊ म्हणतो, त्यातही सीव्हीटीच असते. बाईंचे प्रश्न तीन: गाडी विकावी का, न सांगता विकली तर ते गैर ठरेल का, आणि नवी घेताना पुन्हा सीव्हीटीच्या वाटेला जावं का?

उत्तर

नमस्कार,

तुम्हाला चार जणांनी चार सल्ले दिले, पण त्या चौघांपैकी एकानेही गाडीखाली डोकं घातलेलं नाही. मेकॅनिकने निकाल दिला, भावाने पळवाट दाखवली, सर्व्हिस सेंटरने विषय संपवला, विक्रेत्याने ग्वाही दिली. तुमच्या गिअरबॉक्समधलं ऑइल कोणत्या रंगाचं झालंय, गाडीच्या कॉम्प्युटरमध्ये बिघाडाचा कोणता कोड साठलाय, हे मात्र अजून कुणालाच ठाऊक नाही. म्हणून विकायचं की ठेवायचं हा प्रश्न दोन आठवडे बाजूला ठेवा. आधी गाडीला नेमकं काय झालंय ते कळू द्या.

मेकॅनिकला खोटं पाडायचा माझा हेतू नाही. त्याच्याकडे येते ती प्रत्येक सीव्हीटी बिघडलेलीच असते. जी गाडी दीड-दोन लाख किलोमीटर मुकाट्याने धावते, तिचा मालक त्याच्या दारात जाईल कशाला? इंटरनेटवरही तेच. गाडी छान चाललीय एवढं सांगायला कुणी लिहायला बसत नाही. पण म्हणून तक्रारी हवेतल्या आहेत असंही समजू नका. निसानला अमेरिकेत २००३ ते २०१० या मॉडेलांच्या सीव्हीटीची वॉरंटी १० वर्षे किंवा १,२०,००० मैलांपर्यंत वाढवावी लागली. पुढे २०१३ ते २०१६ च्या अल्टिमा या निसानच्याच गाडीचं प्रकरण कोर्टात गेलं आणि तडजोडीत ६० महिने किंवा ६०,००० मैलांची वॉरंटी ८४ महिने किंवा ८४,००० मैल, म्हणजे जवळपास १,३५,००० किलोमीटर, अशी झाली. सुबारूनेही २०१० नंतरच्या अनेक मॉडेलांवर सीव्हीटीची वॉरंटी १० वर्षे किंवा १,००,००० मैल केली. कंपन्या हौसेने वॉरंटी वाढवत नाहीत. यातली आणखी एक गोष्ट बघा: अल्टिमाची पिढी आधीच्या गाड्यांपेक्षा नवी होती, तरी तक्रारी आल्याच. "नवी आहे म्हणजे सुधारलेली आहे" हे विक्रेत्याचं गणित इथेच चुकतं.

कल्पना म्हणून सीव्हीटी अजिबात नवी नाही. नेदरलँड्समधल्या हुब व्हान डोर्न यांनी रबरी पट्ट्यांवर चालणारी सीव्हीटी १९५८ मध्ये डाफ ६०० या छोट्या गाडीत दाखवली होती. पोलादी पट्ट्याची सीव्हीटी मोटारीत आली ती १९८७ मध्ये, सुबारू जस्टीमधून. आज रस्त्यावर असलेल्या बहुतेक सीव्हीटी त्याच पोलादी पट्ट्याच्या वंशातल्या आहेत, आणि तिचं बलस्थान आणि दुखणं दोन्ही त्या पट्ट्यातच आहे. तो थोडा जवळून बघू, कारण तुमच्या तिन्ही प्रश्नांची उत्तरं तिथूनच निघतात.

दीड-दोन मिलिमीटर जाडीच्या शेकडो पोलादी चकत्या एकामागे एक ओवलेल्या असतात. त्यांना दोन्ही बाजूंनी धरून ठेवणाऱ्या कड्या असतात, आणि प्रत्येक कडी अतिशय पातळ पोलादी पट्ट्यांच्या थरांची बनलेली असते. हा पट्टा दोन पुलींवरून फिरतो. प्रत्येक पुली म्हणजे समोरासमोर ठेवलेले दोन शंकू. ऑइलच्या दाबाने शंकू जवळ आले की पट्टा वर सरकतो, लांब गेले की खाली उतरतो. एका पुलीवर वर आणि दुसरीवर खाली, असं करत गिअरचं प्रमाण सलग बदलत राहतं. म्हणूनच तुम्हाला कधी गिअर बदलल्याचा झटका जाणवत नाही. इथे सगळा जोर पोलादावर पोलाद, तोही ऑइलने भिजलेला, केवळ दाबून धरल्यामुळे पुढे जातो. दात नाहीत, खाच नाही. तेलकट हाताने बरणीचं झाकण फिरवायला जावं तसं हे आहे. पकड घट्ट असेल तरच झाकण फिरतं, नाहीतर हात घसरतो.

पकड सैल पडली की पट्टा घसरतो, आणि घसरला की पुलीच्या गुळगुळीत पृष्ठभागावर ओरखडे उठतात. ओरखड्यांतून धातूचा बारीक भुगा निघून ऑइलमध्ये मिसळतो. तो भुगा दाब नियंत्रित करणाऱ्या व्हॉल्व्हमध्ये अडकतो, व्हॉल्व्ह अडखळला की दाब आणखी कमी होतो, आणि पट्टा आणखी घसरतो. हे चक्र एकदा सुरू झालं की आपोआप थांबत नाही. मग दाब कायम भरपूरच का ठेवत नाहीत? कारण तो दाब पंप तयार करतो आणि पंप इंजिन फिरवतं. जास्त दाब म्हणजे जास्त इंधन. सीव्हीटी विकली जाते ती इंधन वाचवते म्हणून, त्यामुळे दाब शक्य तितका कमी ठेवण्याकडे कंपन्यांचा ओढा असतो. माझ्या मते या यंत्राच्या बऱ्याच तक्रारींची मुळं या काटकसरीत आहेत. ऑइल ताजं, थंड आणि स्वच्छ असेल तर कमी दाबातही काम भागतं. ऑइल थकलं की तेवढाच दाब अपुरा पडतो.

आता तुमच्या गाडीकडे येऊ.

थांबून निघताना २० ते ३० च्या वेगात होणारी थरथर म्हणजे पट्टाच गेला, असं धरून चालू नका. बऱ्याच सीव्हीटींमध्ये इंजिन आणि पट्टा यांच्या मध्ये टॉर्क कन्व्हर्टर, म्हणजे ऑइलमधून जोर पुढे पोचवणारा जोड असतो, आणि त्याच्या दोन्ही बाजू थेट जोडणारा लॉकअप क्लच साधारण याच वेगाच्या आसपास पकड घ्यायला लागतो. ऑइल जुनं झालं की हा क्लच एकदम न पकडता पकड-सोड, पकड-सोड करत राहतो आणि गाडी थरथरते. इंजिनाचं माउंटिंग, म्हणजे इंजिन ज्यावर बसवलेलं असतं तो रबरी आधार, फाटलं असलं, स्पार्क प्लग किंवा इग्निशन कॉइल अधूनमधून दगा देत असली, तरी अगदी अशीच थरथर येते, आणि या दुरुस्त्या त्या मानाने किरकोळ आहेत. पट्टा घसरणं ही शक्यताही आहेच, ती मी नाकारत नाही. पण तपास न करता सरळ तिच्यावर उडी मारणं म्हणजे खोकला आला की थेट मोठ्या आजाराचं नाव घेण्यासारखं आहे, आणि तुमच्या मेकॅनिकने तेच केलंय.

चढावरची घटना मला थरथरीपेक्षा महत्त्वाची वाटते. ऑइलचं तापमान मर्यादेबाहेर गेलं की सीव्हीटीचा कॉम्प्युटर पट्टा वाचवण्यासाठी इंजिनाची ताकद मुद्दाम कमी करतो. काही गाड्यांत त्यासाठी दिवासुद्धा लागत नाही. थोडं थांबल्यावर ऑइल निवतं आणि गाडी पुन्हा सुरळीत होते. तुम्ही लिहिलेलं वर्णन याच्याशी बरंच जुळतं. इंधन पुरवठ्यातल्या दोषानेही ताकद जाऊ शकते, तेव्हा तेही तपासावं लागेल. पण उष्णतेचाच प्रकार असेल तर तो गाडीने दिलेला इशारा आहे. रेडिएटरसमोरची जाळी धूळ-पाचोळ्याने बंद झालीय का, पंखा वेळेवर चालू होतो का, कूलंट पुरेसं आहे का आणि गिअरबॉक्सचा ऑइल कूलर तुंबलाय का, हे आधी बघायला सांगा.

गॅरेजला जाण्याआधी आठवडाभर एक वही गाडीत ठेवा. थरथर सकाळी गाडी थंड असताना होते की तासभर चालवल्यावर? हलक्या पायाने चालवताना होते की जोरात दाबल्यावर? एसी चालू असताना वाढते का? सिग्नलला 'डी'मध्ये ब्रेक दाबून उभी असतानाही स्टीअरिंगमध्ये जाणवते का? उभी असतानाही जाणवत असेल तर संशय माउंटिंगवर आणि इंजिनावर जातो. फक्त गरम झाल्यावर, हलक्या पायाने निघताना होत असेल तर लॉकअप आणि ऑइलवर जातो. एक प्रयोग मात्र घरी करू नका. ब्रेक दाबून ॲक्सिलरेटर तळापर्यंत दाबायची जी चाचणी लोक सुचवतात, तिने काही सेकंदांत ऑइल भयंकर तापतं आणि नसलेला बिघाड तयार होतो.

मग असा माणूस गाठा, ज्याच्याकडे गिअरबॉक्सचा कॉम्प्युटर वाचणारा स्कॅनर आहे. इंजिनाचे कोड तेवढे दाखवणारं स्वस्तातलं यंत्र इथे उपयोगाचं नाही. दिवा लागला नसला तरी कोड साठलेला असू शकतो. गाडी चालवत असताना इंजिनाचे फेरे, इंजिनाकडच्या पहिल्या पुलीचे फेरे, मागितलेला दाब आणि मिळालेला दाब हे आकडे शेजारी शेजारी दिसतात. थरथरीच्या क्षणी यातला कोणता आकडा डगमगतो, त्यावरून दोष कुठे आहे हे बरंचसं उलगडतं. काही कंपन्यांच्या गाड्यांत ऑइल किती काळ किती तापलं याचा हिशेबही कॉम्प्युटर ठेवतो. तोही बघायला सांगा. चासी नंबर देऊन कंपनीकडे दोन गोष्टी विचारा: या मॉडेलच्या गिअरबॉक्सची वॉरंटी वाढवली आहे का, आणि गिअरबॉक्सचं नवीन सॉफ्टवेअर आलंय का. कित्येक थरथरी नुसत्या सॉफ्टवेअरने कमी झालेल्या आहेत, कारण दाब किती ठेवायचा आणि लॉकअप कधी लावायचा हे शेवटी तेच ठरवतं.

त्यानंतर ऑइल. 'आयुष्यभराचं' हा शब्द ऐकला की विचारायचं, कुणाच्या आयुष्याचं? गाडीच्या मॅन्युअलमध्ये बहुतेक वेळा खडतर वापराचा वेगळा तक्ता असतो. चढ-उतार, भरलेली गाडी, सतत थांबणं-निघणं, कडक ऊन, या सगळ्याला तिथे खडतर वापर म्हटलेलं असतं, आणि तपासणीची किंवा बदलण्याची मुदतही दिलेली असते. आपल्यापैकी बहुतेकांचा रोजचा वापर याच तक्त्यात बसतो. अनुभवी मेकॅनिक साधारण ५० ते ६० हजार किलोमीटरला हे ऑइल बदलायला सांगतात आणि मला ते पटतं. तुमच्या गाडीचे ९० हजार झालेत, पहिली तीन वर्षं दुसऱ्याच्या हातात गेली आहेत. ऑइल कधीच बदललेलं नाही असं धरूनच चाला.

बदलताना पॅन, म्हणजे गिअरबॉक्सच्या तळाचं ऑइल साठणारं भांडं, उतरवायला लावा आणि त्या वेळी स्वतः तिथे उभ्या राहा. पॅनच्या तळाशी लहान चुंबकं असतात. त्यांच्यावर राखाडी, मऊ, बोटाला काजळीसारखा लागणारा थर दिसला तर घाबरू नका. एवढ्या किलोमीटरनंतर तो असायचाच. पण बोटांत चोळल्यावर टोचणारे, उजेडात चमकणारे कण किंवा कपच्या दिसल्या तर ते पट्ट्याचं किंवा पुलीचं झिजलेलं पोलाद आहे. फोनवर फोटो काढून ठेवा. कपच्या निघाल्या तर नव्या ऑइलने गिअरबॉक्स बरा होणार नाही, त्याची आशा धरू नका.

ऑइल कंपनीने सांगितलेलंच हवं. निसानसाठी एनएस-२ किंवा एनएस-३, होंडासाठी एचसीएफ-२, टोयोटासाठी सीव्हीटीएफ एफई, असे प्रकार ठरलेले आहेत. तुमच्या मॉडेलचा प्रकार मॅन्युअलमध्ये सापडेल. साधं ऑटोमॅटिकचं ऑइल कुणी "सगळं एकच असतं" म्हणत ओतायला लागला तर गाडी परत घेऊन निघा. सीव्हीटीच्या ऑइलला वंगणही करायचं असतं आणि पोलादावर पोलादाची पकडही टिकवायची असते, आणि हे दुसरं काम इतर ऑइलला जमत नाही. एकदा काढून भरल्याने सगळं जुनं ऑइल जात नाही. टॉर्क कन्व्हर्टर आणि कूलरमध्ये बरंच उरतं, म्हणून काही दिवस गाडी चालवून पुन्हा एकदा बदलणं चांगलं. मशीन लावून दाबाने धुण्याचा आग्रह मात्र टाळा. पातळी मोजण्याच्या बाबतीत घाई चालत नाही. पुष्कळ सीव्हीटींना डिपस्टिक नसते. ऑइल ठरावीक तापमानाला आणून, गाडी सपाट उभी करून, पातळीचा बोल्ट उघडून बघावं लागतं. थोडं कमी भरलं तर पंप हवा ओढतो, जास्त भरलं तर फेस होतो. दोन्हींत दाब कोसळतो.

हे सगळं करून हजारेक किलोमीटर चालवा. थरथर गेली, चढावर ताकद टिकली, तर तुमच्याकडे चांगली गाडी आहे. ठेवा. सुधारणा अर्धवट झाली आणि आकडे दाबाच्या व्हॉल्व्हकडे बोट दाखवत असतील, तर व्हॉल्व्ह बॉडी, म्हणजे त्या व्हॉल्व्हांचा संच, बदलून पुष्कळदा काम होतं. अख्खा गिअरबॉक्स काढायला सांगणाऱ्याचं एकट्याचं ऐकू नका, दुसरं मत घ्या. पॅनमध्ये कपच्या असतील, पट्टा घसरतोय हे आकड्यांतही दिसत असेल, तर प्रश्न व्यवहाराचा होतो. गिअरबॉक्स बदलण्याचा खर्च एका बाजूला, उरलेल्या गाडीची किंमत आणि अवस्था दुसऱ्या बाजूला. इंजिन, बॉडी, सस्पेन्शन उत्तम असेल तर कारखान्यात नव्याने बांधलेला गिअरबॉक्स वॉरंटीसकट बसवून आणखी काही वर्षं काढणं शहाणपणाचं ठरू शकतं. गाडी इतरही बाजूंनी थकली असेल तर विका, आणि तसं सांगून विका.

तुमच्या भावाशी मी इथे स्पष्टपणे असहमत आहे. चढावर, ओव्हरटेक करताना, समोरून वाहन येत असताना ताकद जाणं ही नुसती गैरसोय नसते. ते तुमच्या बाबतीत घडलंय, तुम्हाला माहीत आहे, आणि घेणाऱ्याला ते माहीत नसेल. पहिल्या मालकाने ही गाडी देताना ऑइलबद्दल चकार शब्द काढला नसेल, तर त्याचा ताप आज तुम्हाला होतोय. तोच ताप पुढे ढकलायचा का, एवढंच ठरवायचं आहे. तुम्ही मला विचारलंत यावरून तुम्हाला ते पटलेलं नाही असं वाटतं. गाडी परत घेऊन बदल्यात नवी देणाऱ्या व्यापाऱ्यालाही हेच लागू आहे; तो गाडी पुढे कुणालातरी विकणारच आहे. तपासणीचा कागद, ऑइल बदलल्याची पावती आणि पॅनचा फोटो समोर ठेवलात तर भाव थोडा पडेल. पण घेणाऱ्यालाही थरथर चाचणीत जाणवणारच आहे, आणि तुम्ही लपवलंत असा संशय आला की तो भाव पाडतोच, वर सौदाही मोडतो.

गाडी ठेवायची ठरलीच तर चालवण्याच्या काही सवयी बदला. मागे-पुढे करताना गाडी पूर्ण थांबल्याशिवाय 'आर' किंवा 'डी' लावू नका. चढावर सिग्नलला थांबलात तर ॲक्सिलरेटरने गाडी अधांतरी धरू नका, ब्रेक वापरा. सकाळी निघताना पहिले काही मिनिटं पाय हलका ठेवा. चिखलात चाक गरगर फिरत असेल तर जोर देऊ नका. चाकाला अचानक पकड मिळते तेव्हा बसणारा हिसका सरळ पट्ट्यावर येतो, आणि पट्ट्याला यासारखं घातक दुसरं काही नाही. गाडी बंद पडलीच तर इंजिन ज्या चाकांना जोडलंय ती जमिनीवर ठेवून ओढून नेऊ देऊ नका. इंजिन बंद म्हणजे पंप बंद, पंप बंद म्हणजे ऑइल नाही. आणि जोरात ॲक्सिलरेटर दाबल्यावर इंजिन ओरडतं, वेग मात्र मागून येतो, हा सीव्हीटीचा स्वभाव आहे, बिघाड नव्हे. त्या आवाजाला घाबरून कुणी गाडी विकू नये.

आता नव्या गाडीबद्दल. सुधारणा झाल्यात का? झाल्यात, काही अगदी मुळावर घाव घालणाऱ्या आहेत. थांबलेली गाडी निघताना पट्ट्याची सगळ्यात कठीण वेळ असते. तेव्हा तो पहिल्या पुलीवर सगळ्यात लहान वळणाने वाकलेला असतो आणि जोर सर्वांत जास्त असतो. टोयोटाने २०१८ मध्ये जाहीर केलेल्या डायरेक्ट शिफ्ट सीव्हीटीत निघण्यासाठी खराखुरा दातेरी गिअर दिला आणि वेग घेतल्यावरच पट्ट्याकडे काम सोपवलं. पट्ट्याचा सगळ्यात वाईट प्रसंगच त्यांनी काढून घेतला. पट्ट्याचा कोन ११ अंशांवरून ९ अंशांवर आणून प्रमाण बदलण्याचा वेगही वाढवला. मला ही गेल्या काही वर्षांतली सगळ्यात विचारपूर्वक केलेली सुधारणा वाटते. सुबारूने चकत्यांच्या पट्ट्याऐवजी साखळी वापरली. साखळी लहान वळणावर चांगली वाकते आणि जास्त जोर पेलते, पण वॉरंटी सुबारूलाही वाढवावी लागली हे वर सांगितलंच आहे. साखळी आली म्हणून बाकीची काळजी मिटत नाही. दाबाचं सॉफ्टवेअर पुष्कळ सुधारलंय. दुसरीकडे निसाननेच २०२२ च्या पाथफाइंडर या मोठ्या एसयूव्हीमध्ये सीव्हीटी सोडून ९ गिअरांची नेहमीची ऑटोमॅटिक दिली. जड, ओझं ओढणाऱ्या गाडीला सीव्हीटी फारशी मानवत नाही, हे माझंही मत आहे. छोटी-मध्यम गाडी, बेताचं इंजिन, बराचसा शहरी वापर असेल तर चांगली सीव्हीटी निभावून नेते.

तेव्हा विक्रेत्याला "सीव्हीटी सुधारलीय का?" असं विचारू नका, तो हो म्हणणारच. विचारा: ही कोणत्या पिढीची आहे आणि किती वर्षं विक्रीत आहे? निघताना वेगळा गिअर आहे का? गिअरबॉक्सला वेगळा ऑइल कूलर आहे का? मॅन्युअलमधला खडतर वापराचा तक्ता दाखवाल का? गिअरबॉक्सची वॉरंटी किती, आणि ऑइल मुदतीच्या आधी बदललं तर ती टिकते का? बाजारात येऊन वर्षही न झालेली अगदी ताजी रचना असेल तर मी थोडं थांबेन.

हायब्रिडबद्दल भावाचा गैरसमज आहे, आणि तो पुष्कळांचा असतो. १९९७ च्या प्रियस या आपल्या गाडीपासून टोयोटा ज्या हायब्रिडला ई-सीव्हीटी म्हणते तिच्यात पट्टा नाही, शंकूची पुली नाही. दोन विद्युत मोटारी आणि इंजिन एका दातेरी गिअरसंचाला जोडलेली असतात, आणि मोटारींचा वेग बदलून प्रमाण बदलतं. घसरण्यासारखं काही नसल्यामुळे हा गिअरसंच कमालीचा टिकाऊ निघालाय. होंडाच्या दोन मोटारींच्या हायब्रिडमध्येही पट्टा नसतो. मात्र काही हायब्रिडमध्ये नेहमीचीच पट्ट्याची सीव्हीटी असते, त्यामुळे नावावर न जाता "आत पट्टा आहे का?" हे एवढं विचारून घ्या. तुमच्या गुडघ्याचा, शहरातल्या थांबण्या-निघण्याचा विचार केला तर बिनपट्ट्याची हायब्रिड तुम्हाला सगळ्यात जास्त सोयीची पडेल असं मला वाटतं, परवडत असेल तर.

टॉर्क कन्व्हर्टरवाली, ठरावीक गिअरांची, जुन्या धाटणीची ऑटोमॅटिक हा दुसरा भरवशाचा पर्याय. ती थोडं जास्त इंधन पिते, पण त्रास कमी देते. दुहेरी क्लचच्या, म्हणजे दोन क्लच आलटून-पालटून आपोआप गिअर बदलणाऱ्या, गाड्यांकडे मात्र "सीव्हीटी नाही म्हणून" धावू नका. फोर्डच्या फोकस आणि फिएस्टामधल्या पॉवरशिफ्ट या कोरड्या दुहेरी क्लचच्या गिअरबॉक्सवर अमेरिकेत इतक्या तक्रारी आल्या की तिथेही वॉरंटी वाढवावी लागली, आणि तक्रार कसली, तर निघताना थरथर. ज्या त्रासाला कंटाळून तुम्ही निघालात तोच पुढे उभा असायचा.

पुढच्या आठवड्यात गॅरेजला जाल तेव्हा कामाचा क्रम तेवढा सांभाळा: आधी स्कॅन, मग पॅन, मग ऑइल. स्कॅनचे आकडे छापून हातात आल्याशिवाय कुणालाही कोड पुसू देऊ नका. बॅटरीची तार काढायची वेळ आली तरी तीही स्कॅननंतरच काढायला सांगा, कारण काही गाड्यांत त्यानेही साठलेली माहिती जाते आणि मग थरथर पुन्हा होईपर्यंत सगळ्यांनाच वाट बघत बसावं लागतं.